दुभाष्याची रोजी



अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभा राहून परदेशी पाहुण्याला त्याच्याच भाषेत चित्र उलगडून सांगणारा गाइड हा कामगार आहे, असे आम्ही म्हटले तर पुष्कळांना हसू येईल. अंगात इस्त्रीचा सदरा, तोंडात फ्रेंच नाहीतर जपानी. हा कसला कामगार! पण आमची हयात कामगारांत गेली. आम्ही आधी मजुरी पाहतो, सदरा मागाहून.

या माणसाला कायमचा मालक नाही. कमाईचा हंगाम थंडीपुरता. त्यातही सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. पाहुणा आला तर रोजी, नाहीतर घरी. मग हिमरू-पैठणीच्या दुकानातले कमिशन खुणावते. लेण्यातला अर्धा तास दुकानात जातो आणि आपण म्हणतो, गाइड लबाड! अहो, चूल ज्या दुकानावर पेटते तिकडेच पाय वळणार.

मार्च २०२० मध्ये पाहुणे थांबले. पर्यटक-व्हिसा पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. मध्यंतरी, जून २०२१ मध्ये, सरकारने परवानाधारक गाइडांना एक लाखापर्यंतच्या कर्जाची हमी जाहीर केली. म्हणजे बुडाली रोजी, आणि हाती आले कर्ज! ज्यांच्यापाशी परवाना नाही, नुसती भाषा आहे, त्यांना तेही नाही.

आमचे मागणे मोठे नाही. सहल कंपनीने ठरलेला रोज त्याच दिवशी, पावतीसह द्यावा. सहल आयत्या वेळी रद्द झाली तर निम्मा तरी द्यावा. आणि दुभाष्यांनो, एकमेकांचे दर पाडू नका. येत्या हंगामाआधी हे कागदावर उतरवायचे आहे. सभेनंतर थांबा, सह्या घेऊ.