सत्तेत राहूनही लेखणीशी इमान : कन्हैयालाल मुन्शी

११ मे १९५१ रोजी सौराष्ट्रातील प्रभासपाटण येथे, सागराच्या साक्षीने, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सोमनाथाच्या नव्या मंदिरात ज्योतिर्लिंगाची प्रतिष्ठापना झाली. १३ नोव्हेंबर १९४७ रोजी याच भूमीवर जीर्णोद्धाराचा संकल्प सोडणारे सरदार पटेल हा सोहळा पाहण्यास उरले नव्हते. १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले होते. सरदारांच्या पश्चात हे कार्य तडीस नेणारे गृहस्थ त्या वेळी केंद्रात अन्न व कृषिमंत्री होते आणि स्वतःच्याच पंतप्रधानांची नाराजी त्यांनी त्यासाठी पत्करली होती. त्यांचे नाव कन्हैयालाल माणेकलाल मुन्शी.

मंत्री, राज्यपाल, घटनाकार, विधिज्ञ, कादंबरीकार, संस्थापक अशी अनेक विशेषणे मुन्शींच्या नावामागे लागतात. परंतु या साऱ्यांना ओवणारे सूत्र कोणते? पद आणि निष्ठा यांचा संघर्ष उभा राहिला, तेव्हा त्यांनी निष्ठेची बाजू घेतली, हेच ते सूत्र होय.

३० डिसेंबर १८८७ रोजी भडोच येथे भार्गव ब्राह्मण कुळात त्यांचा जन्म झाला. बडोद्याच्या महाविद्यालयात श्रीअरविंद त्यांचे अध्यापक होते. देशभक्तीची दीक्षा त्यांना तेथेच मिळाली. पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली सुरू झाली आणि त्याच सुमारास लेखणीही चालू लागली. पहिली कादंबरी त्यांनी ‘घनश्याम’ या टोपणनावाने लिहिली. नवख्या वकिलाने कादंबऱ्या लिहिणे त्या काळी प्रतिष्ठेचे मानले जात नसे. मात्र ‘पाटणनी प्रभुता’, ‘गुजरातनो नाथ’ आणि ‘राजाधिराज’ या सोळंकीकालीन कादंबरीत्रयीने गुजराती वाचकाला आपल्या पूर्ववैभवाची ओळख करून दिली. ‘अस्मिता’ हा योगदर्शनातील शब्द. गुजराती भाषेत तो समाजाच्या आत्मभानाच्या अर्थाने रुजवला तो मुन्शींनीच. हा शब्द आज मराठी माणसाच्याही ओठी आहे.

१९२६ साली त्यांनी लीलावतीबेन या विधवा लेखिकेशी विवाह केला. परंपरेचा अभिमान म्हणजे रूढीची गुलामी नव्हे, हे त्यांनी आधी आपल्या घरात सिद्ध केले. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहाच्या वेळी शेतकऱ्यांवरील जुलूम पाहून ते सरकारविरुद्ध उभे राहिले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी चालत्या वकिलीवर पाणी सोडून कारावास स्वीकारला.

१९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि मुन्शी गृहमंत्री झाले. या कालखंडातील एक दिवस त्यांच्या चरित्रात ठळकपणे नोंदवला पाहिजे. तो दिवस ७ नोव्हेंबर १९३८. याच दिवशी मुंबईत ‘भारतीय विद्या भवना’ची स्थापना झाली. आणि याच दिवशी औद्योगिक कलह विधेयकाच्या निषेधार्थ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने व इतर कामगार संघटनांनी मुंबईत एक दिवसाचा संप पुकारला होता. त्या संपात पोलिसांचा गोळीबार झाला. गृहमंत्री मुन्शी होते. संस्कृतीच्या मंदिराची पायाभरणी आणि कामगारांवरील गोळीबार एकाच तारखेला घडावेत, हा नियतीचा खेळ विलक्षण खरा. थोरांचे चरित्र सांगताना अशी पाने झाकून ठेवणे हा त्यांचाही गौरव नव्हे.

इतिहासाचा पुढचा अध्याय याहून बोलका आहे. २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेची मसुदा समिती नेमली गेली, तेव्हा डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते आणि मुन्शी सदस्य. नोव्हेंबर १९४८ मध्ये समान नागरी कायद्याच्या कलमावर घटना समितीत खडाजंगी झाली, त्या वेळी हे दोघे एकाच बाजूने उभे राहिले. धर्माचरण निराळे आणि वारसा, विवाह यांसारखे ऐहिक व्यवहार निराळे, असा मुन्शींचा युक्तिवाद होता. दहा वर्षांपूर्वीचे प्रतिपक्षी राष्ट्राची घटना घडवताना सहप्रवासी झाले. मतभेदाचे वैर होऊ न देण्याचे हे औदार्य त्या पिढीपाशी होते.

या दोन घटनांच्या मध्ये १९४१ हे वर्ष येते. दंगलींत माणसाने स्वतःच्या व आप्तेष्टांच्या रक्षणासाठी प्रतिकार करावा की नाही, या प्रश्नावर मुन्शींचे गांधीजींशी मतभेद झाले. अहिंसेचा गांधीजींना अभिप्रेत असलेला अर्थ आपल्याला पेलणारा नाही, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले आणि काँग्रेस सोडली. त्यानंतर ‘अखंड हिंदुस्थान’चा पुरस्कार करीत ते देशभर फिरले. पुढे १९४६ साली गांधीजींनीच त्यांना पुन्हा पक्षात बोलावले. मतभेद प्रामाणिक असला की परतीचे दार उघडे राहते, ते असे.

मराठवाड्याच्या जनतेने तर मुन्शींचे विशेष स्मरण ठेवावयास हवे. जानेवारी १९४८ मध्ये भारत सरकारचे एजंट जनरल म्हणून ते हैदराबादेस गेले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि रझाकारांच्या अत्याचारांनी होरपळत होते. निजामाच्या दरबाराने भारताच्या या प्रतिनिधीला अवमानाचीच वागणूक दिली. मुन्शी मात्र तेथील खरी परिस्थिती दिल्लीला, म्हणजे सरदारांना, अविरत कळवीत राहिले. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. ही हकीकत मुन्शींनी पुढे ‘द एंड ऑफ अॅन इरा’ या ग्रंथात लिहून ठेवली.

राजभाषेच्या प्रश्नावर घटना समिती दुभंगण्याच्या बेतात असताना मुन्शी आणि गोपालस्वामी अय्यंगार यांच्या तोडग्याने मार्ग काढला. देवनागरी लिपीतील हिंदी आणि पंधरा वर्षे इंग्रजीची सोबत, असा तो मध्यममार्ग होता. गुजरातीचा मानदंड ठरलेल्या लेखकाने राष्ट्रासाठी हिंदीचा पुरस्कार करावा, हे लक्षणीय आहे.

आता पुन्हा सोमनाथाकडे वळू. १९२२ साली मुन्शींनी ते भग्न मंदिर प्रथम पाहिले. ज्या मंडपात एके काळी मंत्रघोष निनादत असे, तेथे एका पोलीस अंमलदाराचे तट्टू बांधलेले होते. ते शल्य त्यांच्या मनात खोल रुतले आणि पुढे ‘जय सोमनाथ’ कादंबरीतून प्रकटले. लेखकाने कागदावर उभारलेले मंदिर मंत्र्याने दगडात उभारले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. पंडित नेहरूंना सरकारशी निगडित व्यक्तींचा या कार्यातील सहभाग मान्य नव्हता. त्यावर २४ एप्रिल १९५१ रोजी मुन्शींनी पंतप्रधानांना सविस्तर पत्र लिहिले. भूतकाळावरील श्रद्धाच आपल्याला वर्तमानात काम करण्याचे आणि भविष्याकडे पाहण्याचे बळ देते, असा त्या पत्राचा आशय होता. खर्च सरकारी तिजोरीतून नव्हे, तर लोकवर्गणीतून होत होता. तो गांधीजींचाच आग्रह होता. मंदिर हरिजनांसह सर्वांना खुले राहील, असेही ठरलेले होते आणि त्यापायी सनातन्यांचा रोषही मुन्शींनी सोसला. एकीकडे पंतप्रधानांची अप्रसन्नता, दुसरीकडे कर्मठांचा संताप! दोन्हींपुढे न झुकता हा माणूस उभा राहिला.

मंत्रिपदाच्या काळातच, १९५० साली, त्यांनी वनमहोत्सव सुरू केला. पावसाळ्यात झाड लावणारी शाळकरी मुले आजही नकळत मुन्शींचेच काम पुढे नेत असतात. १९५२ ते १९५७ या काळात ते उत्तर प्रदेशाचे राज्यपाल होते. निवृत्तीचे सुख भोगण्याच्या वयात सरकारी अर्थनीती पटेना, तेव्हा ते राजाजींच्या स्वतंत्र पक्षात गेले. १९६४ साली पवईच्या सांदीपनी आश्रमात विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली, त्या बैठकीसही ते उपस्थित होते.

८ फेब्रुवारी १९७१ रोजी मुंबईत त्यांची जीवनयात्रा संपली. त्यांच्या प्रेरणेने, डॉ. रमेशचंद्र मजुमदारांच्या संपादनाखाली चाललेला भारतीय इतिहासाचा अकरा खंडांचा प्रकल्प त्यांच्या पश्चात पूर्ण झाला. मराठ्यांच्या वर्चस्वकाळाला वाहिलेला खंड १९७७ साली आला. श्रीकृष्णचरित्रावरील ‘कृष्णावतार’ मालिकेचा आठवा भाग मात्र अपुराच राहिला.

श्रोतेहो, मुन्शींच्या काळातील किती मंत्र्यांची नावे आज आठवतात? खाती बदलतात, खुर्च्या बदलतात, कोनशिलांवरील अक्षरे पुसट होतात. मुन्शींचे मंत्रिपदही दोन वर्षांतच सरले. पण गिरगावच्या चौपाटीजवळ भवनाची वास्तू उभी आहे, प्रभासच्या किनाऱ्यावर कळस उभा आहे आणि ग्रंथालयात ‘जय सोमनाथ’ आजही मागून नेली जाते. सत्ता हाती असताना काय करावे, याचे उत्तर ज्याला सत्तेत येण्यापूर्वीच ठाऊक असते, त्याचे काम सत्ता गेल्यावरही चालू राहते. मुन्शींना ते उत्तर तट्टू बांधलेल्या त्या मंडपातच मिळाले होते.