चंपानेरच्या संघाचं पुढे काय झालं?

आज सकाळपासून खुर्च्या मांडण्यात आणि रांगोळ्या काढण्यात राबलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

प्रमुख पाहुण्यानं यशाबद्दल बोलावं, अशी अपेक्षा असते. मी आज एका क्रिकेट संघाबद्दल बोलणार आहे. भुवन, भुरा, गोली, गुरन, लाखा, देवा, ईश्वरकाका, इस्माईल, अर्जन, बाघा आणि कचरा. बारावा टिपू. तुमच्या आईवडिलांना ही नावं आजही आठवत असतील. ‘लगान’ १५ जून २००१ रोजी पडद्यावर आला, तेव्हा तुमच्यातल्या बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता. १८९३ सालचं चंपानेर, पावसाविना करपलेली शेतं आणि इंग्रज कॅप्टननं घातलेली पैज. सामना जिंकलात तर तीन वर्षं शेतसारा माफ, हरलात तर तिप्पट. शेवटी गाव जिंकतं, पाऊस येतो आणि पडदा पडतो.

मी नाटकवाला माणूस. नाशिकच्या साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग संपला की रात्री उशिरा सेट उतरवून टेम्पोत भरावा लागतो. त्या वेळी कोण थांबतं आणि कोण मेकअप पुसून निघून जातं, यावरून मला माणसं कळत गेली. म्हणून ‘लगान’च्या बाबतीतही पडदा पडल्यानंतरचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही सगळी मंडळी पुढे कुठे गेली?

काही जणांचं छान झालं. भुरा झालेले रघुवीर यादव ‘पंचायत’ मालिकेतले प्रधानजी म्हणून तुमच्या पिढीलाही माहीत आहेत. देवा सरदार साकारणारे प्रदीप रावत दक्षिणेत गेले आणि तिथले नावाजलेले खलनायक झाले. ‘गजनी’तला खलनायक तेच. लाखाची भूमिका करणाऱ्या यशपाल शर्मांनी आपल्या हरियाणाच्या लोककवीवर ‘दादा लखमी’ हा चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोलीचे दयाशंकर पांडे ‘तारक मेहता’मध्ये इन्स्पेक्टर चालू पांडे झाले. नायिका गौरी झालेली ग्रेसी सिंग भरतनाट्यम आणि अध्यात्माकडे वळली. गुरन साकारणारे राजेश विवेक २०१६ साली गेले. शंभूकाका म्हणजे ए. के. हंगल २०१२ मध्ये गेले.

हंगल यांच्याबद्दल थोडं थांबून सांगतो. कच्छमधल्या चित्रीकरणाच्या वेळी त्यांनी ऐंशी कधीच ओलांडली होती. भुजमध्ये ते घसरून पडले, जबर मार लागला. दुसरं कुणी असतं तर मुंबईला परतलं असतं. ते अॅम्ब्युलन्समधून सेटवर आले आणि त्यांनी आपला प्रसंग पुरा केला. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर यांची पाठही त्याच काळात धरली, स्लिप डिस्क झाली. मग सेटवर पलंग टाकला, शेजारी मॉनिटर लावला आणि त्यांनी आडवं पडून दिग्दर्शन केलं. कच्छचं ऊन, भोवती शेकडो माणसं आणि मधोमध पलंगावर झोपलेला दिग्दर्शक!

पण माझ्या मनात घर करून राहिलेत ते ईश्वरकाका. गौरीचे वडील, गावचे वैद्य आणि संघाचे यष्टीरक्षक. ती भूमिका श्रीवल्लभ व्यास यांनी केली. जैसलमेरचे, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेले, रंगभूमीवर तावून सुलाखून निघालेले नट. २००८ मध्ये गुजरातेत एका चित्रीकरणाच्या वेळी ते पडले, डोक्याला मार लागला, अर्धांगवायू झाला. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं त्यांनी अंथरुणावर काढली. कुटुंबाला मुंबई सोडावी लागली. काम बंद झालं की नटाच्या घरी चूल पेटणं किती अवघड होतं, हे नाटकाच्या जगात वावरणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्या काळात उपचाराचा आणि मुलींच्या शिक्षणाचा भार ज्यांनी उचलला, त्यांत भुवन झालेला आमीर खान होता. जानेवारी २०१८ मध्ये जयपूरला व्यास गेले. पडद्यावरचा सामना संपून सतरा वर्षं होत आली होती, तरी कर्णधार यष्टीरक्षकाची विचारपूस करत होता. ‘लगान’च्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

आता कचरा. आदित्य लाखियानं ती भूमिका केली आणि पुढे तो टीव्ही मालिकांत रमला. पण कचरा पाहताना मला पळवणकर बाळू आठवतात. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानाची देखभाल करणारा आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकणारा हा चर्मकार समाजातला तरुण डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभराहून जास्त बळी घेतले. मैदानावर त्याच्या चेंडूवर टाळ्या वाजत, पण चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या भांड्यातून मिळे. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच दिलं नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं. आपण आहोत नाशिकमध्ये. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो इथे वर्षानुवर्षं नेटानं चालवला, ते हे शहर. म्हणून कचऱ्याला संघात घ्यायला गाव नकार देतं, तो प्रसंग तुम्ही पाहाल तेव्हा जरा नीट पाहा. तो आपल्या गोदाकाठचाही प्रसंग आहे.

पडद्यामागे तर मराठी माणसांची रांगच होती. कपडे भानू अथैया यांचे. कोल्हापूरच्या या बाईंनी ‘गांधी’साठी भारताला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं होतं आणि ‘लगान’च्या वेशभूषेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रीकरण होत असतानाच संवाद ध्वनिमुद्रित करण्याचं अवघड काम नकुल कामतेंनी पेललं. सगळं चंपानेर गाव नितीन चंद्रकांत देसाई यांनी उभं केलं. दापोलीकडचा हा मुलगा पुढे कर्जतला स्वतःचा प्रचंड स्टुडिओ उभारणारा कलादिग्दर्शक झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये, कर्जाच्या डोंगराखाली, त्याच स्टुडिओत त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. दुसऱ्यांसाठी राजवाडे आणि गावं उभी करणाऱ्या माणसाचा हा शेवट मला अजूनही सोसत नाही. मुलांनो, भार असह्य झाला तर तो कुणाला तरी सांगा. आईला सांगा, मित्राला सांगा, या समोर बसलेल्या सरांना, मॅडमना सांगा. आणि आपला मित्र एकाएकी गप्प झालाय असं दिसलं, तर त्यानं सांगायची वाट पाहू नका.

याच चमूतली आणखी तीन नावं घेतो. निर्मितीची धुरा सांभाळणाऱ्या रीना दत्ता, सहायक दिग्दर्शकांपैकी एक असलेली किरण राव आणि या चित्रपटाच्या जडणघडणीचा माहितीपट करणारे सत्यजित भटकळ. २०१६ साली आमीर आणि किरण यांनी पाणी फाउंडेशन सुरू केलं. भटकळ त्याचे प्रमुख झाले, रीना दत्ताही त्या कामात होत्या. ज्यांनी पडद्यावर पावसाची वाट पाहणारं गाव दाखवलं, ते महाराष्ट्राच्या खऱ्या कोरड्या गावांत आले. आणि त्यांनी काय केलं? दुष्काळाचा पुन्हा सामनाच केला! वॉटर कप नावाची स्पर्धा लावली. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. कोरेगावच्या वेळू गावानं पहिला नंबर काढला. २०१८ पर्यंत तालुके पंचाहत्तर झाले. आपल्या सिन्नर तालुक्यातली गावंही त्यात उतरली.

या स्पर्धेच्या शिबिरात गावकऱ्यांना एक साधं साधन शिकवत. दोन काठ्या, त्यांना जोडणारी पारदर्शक नळी आणि नळीत पाणी. दोन्ही काठ्यांवर पाण्याची पातळी सारखी आली की ते दोन बिंदू एका उंचीवर. तिथे फक्की टाकायची, पुढे सरकायचं. असं करत डोंगराच्या अंगावर पांढरी रेघ उमटते आणि त्या रेघेवर समतल चर खणायचा. नळी धरायला दोन माणसं लागतात, एकट्याचं ते काम नव्हे. एरवी एकमेकांच्या बांधावर न जाणारे दोन भाऊबंद एकाच नळीची दोन टोकं धरून उभे राहिले, तर गावाचं निम्मं काम तिथेच होतं, असं मी मानतो. श्रमदानानं सगळा दुष्काळ संपतो, असं माझं म्हणणं नाही. जिरवलेलं पाणी कोणत्या पिकाला किती द्यायचं, हा प्रश्न उरतोच. म्हणून तर फाउंडेशन पुढे गटशेतीकडे वळलं आणि २०२२ पासून फार्मर कप सुरू झाला.

आणि ज्या गावात चंपानेर उभं राहिलं, ते कुनरिया? भुजजवळचं हे गाव. चित्रीकरण उरकून सगळे परतले आणि चित्रपट लागायच्या आत, २६ जानेवारी २००१ रोजी, कच्छ भूकंपानं हादरला. सामना पाहायला गर्दी करून बसलेल्या त्या प्रेक्षकांच्या मुलखात होत्याचं नव्हतं झालं. तिथून गाव पुन्हा उभं राहिलं. आज कुनरियाचं नाव घेतलं जातं ते तिथल्या बालिका पंचायतीमुळे. गावातल्या मुली मतदान करून आपली पंचायत निवडतात आणि शाळेचे, आरोग्याचे प्रश्न मांडतात. चंपानेरच्या पंचायतीत एकही बाई बसलेली दिसत नाही. त्याच मातीत हे घडलंय.

मित्रहो, आता बक्षीस समारंभ आहे. यादी माझ्या हातात आहे. एकांकिकेतल्या उत्कृष्ट अभिनेत्याचं, अभिनेत्रीचं नाव तीत आहे. क्रिकेट आणि कबड्डीच्या कर्णधारांची नावं आहेत. प्राचार्यांची मी आत्ताच परवानगी घेतली आहे. पहिलं बक्षीस देण्याआधी एकांकिकेचं नेपथ्य, प्रकाश आणि संगीत सांभाळलेली मुलं, रंगभूषेला बसलेल्या मुली, आणि संघातले राखीव खेळाडू यांनी कृपया व्यासपीठावर यावं. फोटो आधी त्यांचा निघेल. आज रात्री सेट उतरवायला मीही थांबणार आहे, टेम्पो किती वाजता येणार तेवढं मला कुणीतरी सांगा.