हेडमास्तरच्या खुर्चीचे शिक्षण

(खेड्यातील पालकांच्या सभेत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



हातातली कामे टाकून आपण येथे जमलात, तेव्हा आम्ही फार वेळ घेणार नाही. आम्हांस विषय दिला आहे 'शाळा'. तो मोठा आहे. त्यातला एकच तुकडा आम्ही घेतो: हेडमास्तर कोणी व्हावे व काय शिकून व्हावे. हा मास्तर लोकांचा घरचा प्रश्न, त्याच्याशी आमचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु तुमच्या पोराच्या ताटातला तांदूळ ज्याच्या सहीने निघतो आणि दाखल्यावरची जन्मतारीख ज्याच्या सहीने पक्की होते, तो हेडमास्तर होय. मग संबंध नाही कसा?

सुताराचा पोरगा बापाच्या हाताखाली वर्षानुवर्षे वाकस चालवितो, तेव्हा कुठे त्याला गाडीचे चाक सांगतात. हेडमास्तरचे उलटे आहे. काल जो चौथीला भागाकार शिकवीत होता, त्याच्या हाती वडील मास्तर निवृत्त झाले म्हणून आज कपाटाच्या किल्ल्या येतात. खाजगी शाळांसाठी 1981 ची नियमावली आहे. तीत माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकास पदवी, बी.एड. व पाच वर्षांचा अनुभव लागतो आणि सेवाज्येष्ठास मान आहे. ज्येष्ठतेचा नियम आम्हांस मान्य आहे. तो नसता तर संस्थाचालकांचे भाचे-पुतणेच खुर्चीवर बसले असते! पण केस पिकल्याने हिशेब येत नाही, हेही खरे.

लहान गावांची स्थिती तर अधिकच विचित्र. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची पटसंख्या 150 च्या वर गेली तरच स्वतंत्र मुख्याध्यापक; सहावी ते आठवीस ही मर्यादा 100 ची. आमच्या वाड्या-वस्त्यांत एवढी पोरे कोठून आणावीत? मग जो वडील मास्तर असेल त्याच्या गळ्यात 'चार्ज' पडतो. वर्गही त्याचा, दप्तरही त्याचे. दोन मास्तरांच्या शाळेतला चार्जवाला तालुक्याच्या बैठकीस गेला की सगळे वर्ग एका माणसाच्या अंगावर येतात, आणि त्या दिवशी शिकणे काय होते ते आपण समजून असा.

आता त्याने शिकावयाचे काय? तांदळाची आवक-जावक लिहिणे, बँकेच्या पुस्तकाचा मेळ घालणे हे तर आहेच. ते एखादा हुशार किराणा दुकानदारही शिकवील. अवघड आहे ते दुसरे. दुसऱ्या मास्तरच्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्याचे शिकविणे पाहावे, आणि त्याचा पोरांदेखत पाणउतारा न करता कोठे चुकते ते त्यास मागाहून सांगावे, ही विद्या आहे. सातवीतली मुलगी आठ दिवस आली नाही, तर तिच्या आईकडे जाऊन काय बोलावे, हीही विद्या आहे. ऊसतोडीस निघालेल्या घरातले पोर मागे कोणाजवळ राहील, हे गावात विचारून ठरविणे हे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे?

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे निवेदन ठेविले. त्यांनी मागितले ते असे: मास्तर शिकून तयार झालेले असावेत, होता होईल तो शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना शेती व आरोग्याचे ज्ञान असावे, पगार बारा रुपयांहून कमी नसावा, आणि गावच्या हिशेबतपासणीसारखी कामे देऊन त्यांचा मान वाढवावा. मास्तरास कारभार यावा, हे त्यांना तेव्हा दिसले होते. पुढे 1935 साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज काढले.

आणि आज? 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टी.ई.टी. उत्तीर्ण व्हावे, ज्यांची कमी उरली त्यांना नोकरी पुरी करता येईल, पण बढती हवी असल्यास परीक्षा हवीच. आमची चाळिशी उलटली आहे, तरी आम्ही रात्री पुस्तक घेऊन बसतो, आणि त्याबद्दल कुरकूर नाही. लोकांच्या पोरांची परीक्षा घेणाऱ्याने स्वतः परीक्षेस का भ्यावे? पण तो पेपर पाहा. 150 गुणांचा. पहिली ते पाचवीच्या मास्तरांस बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित व परिसर, प्रत्येकी 30 गुण. शिकविणाऱ्यास हे योग्यच. शाळा चालविण्याचा मात्र त्यात एक गुणही नाही. म्हणजे बढतीस दाखला लागतो, तो बढतीच्या कामाचा नव्हे!

सोय मुळीच नाही असे नव्हे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने शालेय व्यवस्थापनाची पदविका काढली. दिल्लीत 2012 साली शाळानेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र झाले. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांसाठी वर्षाला निदान 50 तासांचे प्रशिक्षण सांगितले. आमचे म्हणणे एवढेच की हे शिक्षण किल्ल्या हाती येण्याआधी मिळावे, आणि ते चालू असता वर्ग सांभाळण्यास बदली मास्तर मिळावा. नाहीतर मास्तरच्या शिक्षणाची किंमत पोरांनी भरावयाची!

यात तुमचा हात पोहोचतो. शाळा व्यवस्थापन समितीत शंभरांत पंचाहत्तर सभासद पालक असतात, निम्म्या बाया असाव्यात असा कायदा आहे. पुढच्या बैठकीस आयाबहिणींनी चहापुरते बसू नये. चार्जवाल्या मास्तरांना विचारा: गुरुजी, तुम्हांला या कामाचे शिक्षण कधी मिळाले? मिळाले नसेल तर तसा ठराव वहीत लिहवून घ्या, सह्या-अंगठे करा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच मागून घ्या.