गिरणगावातील खोली आणि गावाकडचे घर
(महोत्सवी सभेत केलेल्या भाषणावरून)



आजच्या मंगल प्रसंगी घर या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. आपल्या खानापूर तालुक्यात घर म्हटले की मातीच्या भिंती, कौलारू छप्पर आणि मलप्रभेच्या खोऱ्यातला धो-धो पाऊस डोळ्यांसमोर येतो. परंतु आपल्यापैकी कित्येक कुटुंबांचे आणखी एक घर होते आणि काहींचे अजून आहे. ते म्हणजे मुंबईच्या गिरणगावातील दहा बाय बाराची खोली. त्या खोलीविषयीच आज बोलावयाचे आहे. कारण तिच्यापायी पुष्कळ घरांत आज भाऊ-भाऊ, काका-पुतणे एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली. पुढे ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी असा गिरण्यांचा पट्टाच उभा राहिला. कोकण, घाट आणि आपला बेळगाव-चंदगडचा मुलूख यांतील माणसे भोंग्याच्या हाकेला धावली. राहण्यास जागा कोठली? गावकरी मंडळाची एक खोली घ्यावयाची आणि तीत पाळीपाळीने पथाऱ्या टाकावयाच्या. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा होई. जेवण खानावळवाल्या बाईकडे. या कष्टाळू भगिनींची संघटना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने बांधली, हेही येथे कृतज्ञतेने सांगावयास हवे.

आता ही खोली कोणाच्या मालकीची होती? बहुधा कोणाच्याच नाही, म्हणजे राहणाऱ्याच्या तर नाहीच. खाजगी चाळीत पागडी देऊन भाडेकरूचा हक्क मिळे. मालकी घरमालकाकडे राही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बी.डी.डी. चाळी १९२० नंतरच्या काळात सरकारने बांधल्या. एकूण २०७ इमारती आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेथेही राहणारा भाडेकरूच. म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी मुंबईच्या खोलीस कधी घर म्हटले नाही. त्यांचे घर गावाकडे होते. मनीऑर्डरी इकडे येत, त्यांतून छप्पर शाकारले जाई, बैल घेतला जाई, बहिणीचे लग्न उरके.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, हजारो माणसे गावी परतली. नोकरी गेली, पण खोली राहिली. आणि ज्या जमिनीवर गिरणी उभी होती तिला सोन्याचे मोल आले. इंग्लंडात मँचेस्टरच्या गिरण्या बंद पडल्या, त्यांतल्या काहींत आता लोकांची घरे झाली आहेत. मुंबईत फिनिक्स मिलच्या आवारात बाजारपेठेचा झगमगाट आहे.

१९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन भाग करून एक भाग घरांसाठी मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. तरीही कामगारांनी चळवळ सोडली नाही. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर कामावर असलेल्या गिरणी कामगारास किंवा त्याच्या वारसास घर मिळावे, ही योजना त्यातून आली. २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. २२५ चौरस फुटांचे घर साडेसात लाखांस. २०२० साली ३,८९४ घरांची सोडत निघाली, तेव्हा किंमत साडेनऊ लाख होती. अर्ज मात्र दीड लाखाहून अधिक! इकडे बी.डी.डी. चाळींच्या जागी भाडेकरूंना ५०० चौरस फुटांची घरे देण्याचे ठरले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या.

बंधुभगिनींनो, आनंदाची ही गोष्ट. पण येथेच तंट्याचे मूळ आहे. एक भाऊ मुंबईत राहिला, त्याने खोली राखली, भाडे भरले. दुसरा गावी राहिला, त्याने शेत राखले, आईवडिलांचे म्हातारपण काढले. भाडेकरूचा हक्क सामान्यतः त्याच्याजवळ राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. कायदा मुंबईच्या भावाच्या बाजूस उभा राहील. परंतु पहिली पागडी देताना गावचे भात विकले गेले असेल, तर त्याची नोंद कोणत्या दफ्तरात मिळणार? ती मनातच ठेवावी लागते. तसेच गावच्या भावानेही ध्यानात घ्यावे की, ज्या घरात तो राहतो त्याच्या भिंतींत गिरणीचा घाम आहे. दोघांनी एकत्र बसून, वडीलधारी मंडळी हयात असतानाच, लेखी समजूत करावी.

आमची आणखी तीन सांगणी आहेत. पहिले, गिरणीचे ओळखपत्र, हजेरीचे तिकीट, भविष्यनिर्वाह निधीचा कागद, पगाराची पावती हे जुने म्हणून जाळू नये. दावा याच कागदांवर उभा राहतो. दुसरे, मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखाच वाटा आहे. लेक सासरी गेली म्हणून तिची सही गृहीत धरणे हा अन्याय आहे. ज्या माउलीने एकटीने गावी संसार ओढला, तिचे नाव तर कागदावर आधी हवे. तिसरे, घराची किंमत म्हणजे घराचा खर्च नव्हे. उंच इमारतीत उद्वाहन, पाणी, देखभाल यांचा आकार दरमहा येतो. चाळीचे भाडे देणाऱ्यास तो जड जातो. सोडतीत नंबर लागला म्हणून गावची जमीन घाईने विकून टाकण्यापूर्वी वर्षभराचा हिशेब मांडावा.

आपल्या न्यासाने विद्यार्थ्यांसाठी हात पुढे केला तसाच याही कामी करावा. वाचता-लिहिता येणाऱ्या चार तरुणांनी महिन्यातून एक दिवस बसून वृद्ध कामगारांचे व विधवांचे कागद लावून द्यावेत, अर्ज भरून द्यावेत. याला मोठा निधी लागत नाही, आस्था लागते. आणि याच व्यासपीठावर दोन भावांचा एक जरी तंटा कोर्टाच्या पायरीपूर्वी मिटला, तरी हा महोत्सव साजरा झाला असे आम्ही समजू.