साथ एक, मृत्युदर अनेक



रोग जातपात, वंश वा वर्ण पाहत नाही, असे सर्रास म्हटले जाते. रोगजंतूंपुरते ते सत्य आहे. मृत्यूचा हिशेब मात्र निराळेच सांगतो.

१९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएंझाची साथ बंदरमार्गे मुंबईत शिरली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिने उग्र रूप धारण केले. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. नगरपालिकेच्या आरोग्य खात्याने या साथीतील मृत्यूंचा समाजवार हिशेब ठेवला होता. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, आणि सरकारदरबारी ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले जाई, त्यांच्यात ६१.६! युरोपियनांच्या सातपटींहून अधिक.

विषाणू एकच होता. भेद होता तो निवाऱ्याचा, अन्नाचा आणि शुश्रूषेचा. एकीकडे हवेशीर बंगले, दूध आणि परिचारिका. दुसरीकडे एका खोलीत दाटलेली कुटुंबे. त्यातच त्या वर्षी पाऊस फसला होता, धान्य महागले होते. हातावर पोट असलेल्याला अंथरुणावर पडून राहणेही परवडत नव्हते.

एका शतकानंतर, २०२० मध्ये, अमेरिकेसारख्या संपन्न राष्ट्रातही हेच चित्र दिसले. कोविडच्या त्या एका वर्षात तेथील गौरवर्णीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे दीड वर्षाने घटले; कृष्णवर्णीयांचे मात्र तीन वर्षांहून अधिक. रक्तातील प्राणवायू मोजणारे बोटावरचे साधे यंत्रसुद्धा निःपक्षपाती ठरले नाही. सावळ्या त्वचेवर ते कित्येकदा प्रत्यक्षाहून अधिक प्राणवायू दाखवी. प्राणवायूची अशी लपलेली कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट आढळल्याचे त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

या दोन्ही काळांतून सेवाभावी संस्थांना घेण्याजोगा बोध स्पष्ट आहे. दवाखान्याचे दार सर्वांना खुले असणे आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. औषध विनामूल्य असले, तरी ते आणण्यासाठी बुडणारी रोजी विनामूल्य नसते. म्हणून साथीच्या काळात औषधाबरोबर शिधा पोहोचला पाहिजे आणि वैद्याने वस्तीपर्यंत गेले पाहिजे. दवाखान्याच्या वहीत आलेल्यांची नावे असतात. कोणत्या वस्तीतून कोणीच आले नाही, हेही तपासावे लागते. १९१८ चा अन्याय आज ठाऊक आहे, तो कोणीतरी मोजला म्हणून. मोजणी साथ चालू असतानाच झाली आणि मदत तिच्यामागोमाग गेली, तर माणसे वाचतील.