गाडी उंच करण्याआधी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पिकअप घेतलेला माणूस वर्ष-सहा महिन्यांनी गॅरेजवर येतो आणि म्हणतो, "गाडी जरा उंच करून घ्यायची आहे. दोन इंच टाकू की तीन?" हा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो. पूर्वी पिकअप म्हणजे भाजीची, दुधाच्या कॅनची, सिमेंटच्या गोण्यांची गाडी. २०१६ मध्ये इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आपल्याकडे आली, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली, आणि घरची गाडी म्हणून, हौसेची गाडी म्हणून पिकअप बाळगणारा एक वर्ग तयार झाला. अमेरिकेतल्या, ऑस्ट्रेलियातल्या उंचच उंच पिकअपचे व्हिडिओ ही मंडळी पाहतात. 'लिफ्ट किट' हा शब्द तिथून आला. मालाची गाडी चालवणाऱ्याने तो शब्द ऐकला नसेल, पण 'मागे एक पाटा वाढव रे' हे तो कितीतरी वर्षे सांगत आला आहे. दोघांचे काम शेवटी एकाच ठिकाणी येते, चाक आणि चासी यांच्यामधल्या स्प्रिंगपाशी.

दोन इंच की तीन, हे मी लगेच सांगत नाही. आधी विचारतो, गाडी खालून लागते कुठे?

बहुतेकांनी ते पाहिलेलेच नसते. 'खालून घासते' एवढेच ठाऊक असते. एक जुने पोते अंथरा, बॅटरी घ्या आणि गाडीखाली शिरा. जिथे लोखंड चकाकताना दिसेल, रंग खरवडलेला असेल, तिथे ती लागते. आपल्या शेतरस्त्यांची रचना बघा. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो, त्यात एखादा दगड. गाडीची चाके चाकोरीत उतरली की तो दगड गाडीच्या बरोबर पोटाखाली येतो. तो काय पकडतो, यावर पुढचा सगळा खर्च अवलंबून आहे.

आता मागच्या बाजूने वाकून पाहा. दोन्ही चाकांना जोडणारी जाड लोखंडी नळी दिसेल, आणि तिच्यावर मधल्या भागात एक फुगीर गोळा. हा मागचा ऍक्सल आणि त्यातले डिफरेंशियल. पाटे या ऍक्सलला यू-बोल्टने आवळलेले असतात आणि पाट्यांवर चासी उभी असते. लिफ्ट टाकायची म्हणजे ऍक्सल आणि चासी यांच्यामधले अंतर वाढवायचे. चासी वर जाते, हौदा वर जातो, केबिन वर जाते. तो गोळा मात्र होता तिथेच राहतो! कारण तो चाकांना धरून आहे आणि चाके जमिनीवर आहेत. तुमची गाडी जर त्या गोळ्यापाशी लागत असेल, तर तीन इंच काय, सहा इंच लिफ्ट टाकली तरी तो दगड त्याच ठिकाणी लागणार. हे सांगितले की पुष्कळांचा चेहरा पडतो. पण ऑर्डर देण्याआधी पडलेला बरा.

गोळा वर उचलणारी वस्तू एकच, मोठा टायर. तोही अर्धाच हिशेब देतो. २४५/७० आर १६ हा टायर घ्या. त्याचा व्यास साधारण ७४९ मि.मी. भरतो. त्याजागी २६५/७० आर १६ टाकला तर व्यास ७७७ मि.मी. होतो. वाढ २८ मि.मी., पण ऍक्सल चाकाच्या मध्यावर असल्यामुळे तो १४ मि.मी.च वर येतो. म्हणजे सव्वा-दीड सेंटिमीटर. शिवाय चाक मोठे झाल्याने काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ च्या वेगाने पळत असेल, आणि वळणावर टायर मडगार्डला घासतो का तेही पाहावे लागेल.

याउलट पुढचा बंपर चढावर टेकत असेल, पायरी घासत असेल, मधला पोटाचा भाग बांधावर अडकत असेल, तर तिथे लिफ्टचा खरा उपयोग आहे. आणि गाडी रिकामी असताना कुठेच लागत नाही, भरली की बसते, असे असेल तर पहिली शंका पाट्यांवर घ्यावी. पाटे वर्षानुवर्षे ओझे वाहून थकतात, त्यांची कमान सरळ होत जाते. एखादे पान मोडलेलेही असते आणि चिखलामुळे दिसत नाही. कमानीचे काम करणारा चांगला कारागीर पाटे उतरवून मोडलेले पान बदलून देतो. गाडी मूळच्या उंचीला येते आणि मालक म्हणतो, अरे, लिफ्ट टाकल्यासारखीच झाली की! माझ्या अंदाजाने मालाच्या निम्म्याअधिक गाड्यांना एवढेच हवे असते.

तरीही लिफ्ट हवीच असेल, तर बाजारात काय काय मिळते ते पाहू.

सर्वांत फसवी म्हणजे बॉडी लिफ्ट. चासी आणि बॉडी यांच्यामधे ठोकळे घालून फक्त वरचे डबडे उचलायचे. मोठा टायर मावतो, पण चासी तसूभर वर येत नाही. स्टिअरिंगचा दांडा, गिअरचा दांडा, रेडिएटरचे पाइप, सगळ्यांना ताण. मला ती आवडत नाही आणि कुणाला सुचवतही नाही.

मागच्या बाजूला तीन मार्ग आहेत. पाटा आणि ऍक्सल यांच्यामधे लोखंडी ठोकळा घालणे हा पहिला. स्वस्त, आणि मर्यादेत असेल तर चालतो. पण एकावर एक दोन ठोकळे रचलेले दिसले तर त्या गाडीत बसू नका. आणि पुढे पाटे असलेल्या गाडीत पुढच्या ऍक्सलला ठोकळा कधीही घालू नये. ब्रेक लागला की ऍक्सल पाट्यांना पिळतो, ठोकळ्याने तो पीळ वाढतो, आणि स्टिअरिंग त्याच ऍक्सलवर असते. दुसरा मार्ग लांब शॅकलचा. शॅकल दोन इंचांनी लांब केली तर गाडी एकच इंच उठते, कारण पाट्याचे एकच टोक खाली जाते. वर ऍक्सलचा कोन बदलतो आणि प्रॉपेलर शाफ्ट थरथरू लागतो. तिसरा मार्ग पाटा वाढवणे किंवा अख्खे नवे पाटे घालणे. माझे मत नव्या पाट्यांच्या बाजूने आहे, आणि बरोबर त्या लांबीचे नवे शॉकअप. जुने शॉकअप ठेवले तर ते उंच झालेल्या गाडीत ताणून बसतात आणि खड्ड्यात चाक खाली सुटले की आतून ठोकतात.

पुढच्या बाजूची गोष्ट नाजूक आहे. व्ही-क्रॉस, हायलक्स अशा गाड्यांना पुढे दोन्ही चाकांची सस्पेन्शन वेगवेगळी असते, वर-खाली दोन आर्म आणि मधे कॉइल स्प्रिंग. गाडी उचलली की आर्म खाली कलतात. बॉलजॉइंट टोकाला जातात. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सीव्ही जॉइंट वाकड्या कोनात फिरू लागतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, आत माती जाते आणि काही महिन्यांत वळणावर कट-कट आवाज सुरू होतो. म्हणून अशा गाडीला दीड-दोन इंचांपुढे जायचे तर आर्मही बदलावे लागतात, आणि मग ते काम साध्या गॅरेजचे राहत नाही. काही जुन्या पिकअपना पुढे टॉर्शन बार असतो. त्याचा बोल्ट पिळला की फुकटात गाडी उठते. पण चाकाला खाली जायला जी जागा होती तीच आपण खाल्लेली असते, आणि गाडी दगडासारखी आदळत चालते.

ऑस्ट्रेलियात लोक पिकअप घेऊन हजारो किलोमीटर कच्च्या रस्त्याने जातात, तेव्हा त्यांच्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे स्प्रिंग उंचीवर निवडत नाहीत, ओझ्यावर निवडतात. गाडीत कायम किती वजन असणार, हा दुकानदाराचा पहिला प्रश्न. रिकामी फिरणाऱ्या गाडीला एक स्प्रिंग, कायम दोन-तीनशे किलो असणाऱ्या गाडीला दुसरी. तीनशे किलोंची स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली तर मागचे चाक खडबडीत रस्त्यावर उड्या मारते आणि पकड सोडते. कायद्याचेही तिथे माप आहे. बऱ्याच राज्यांत साधारण ५० ते ७५ मि.मी.च्या पुढे गेलात तर इंजिनिअरचा दाखला लागतो. अमेरिकेत उलट टोकाची फॅशन निघाली, नाक वर आणि शेपटी खाली. पुढून उचललेल्या त्या गाड्यांत चालकाला समोरचे लहान मूल दिसेना. नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०२१ मध्ये कायदा केला, की पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा ४ इंच किंवा अधिक उंच चालणार नाही.

आता पाटा वाढवणाऱ्या मालवाहू मंडळींना दोन शब्द. पाटा वाढवल्याने गाडी बसत नाही, म्हणून वाटते की ताकद वाढली. वाढली ती फक्त स्प्रिंगची. ऍक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेक तेच. पूर्वी जास्त माल भरला की गाडी खाली बसून आपल्याला सांगायची, आता ती सांगेनाशी होते, एवढाच फरक.

ब्रेकचे तर एक गुपितच आहे. पुष्कळ पिकअपमध्ये चासीपासून मागच्या ऍक्सलपर्यंत एक बारीक दांडी असते आणि तिला एक व्हॉल्व्ह जोडलेला असतो. गाडी भरली की चासी खाली येते, दांडी ढकलली जाते, व्हॉल्व्ह समजतो की माल आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत तो दाब कमी ठेवतो, म्हणजे मागची चाके घसरू नयेत. आपण ठोकळा घातला, पाटा वाढवला आणि ती दांडी तशीच ठेवली, तर भरलेल्या गाडीतही व्हॉल्व्ह समजतो की गाडी रिकामी आहे! घाट उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. किट बसवणाऱ्याला विचारा, या दांडीचे काय करणार? त्याने 'कुठली दांडी' असे म्हटले तर चावी परत घ्या.

आणि कलंडण्याचा हिशेब. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था २००१ पासून एक सोपा भागाकार वापरते. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. उत्तर जितके लहान, तितकी गाडी कलंडायला सोपी. ढोबळ आकडे घेऊन करून पाहू. चाकांत अंतर १५० सें.मी., रिकाम्या गाडीचे वजन १७०० किलो, गुरुत्वमध्य ७० सें.मी.वर. उत्तर १.०७. दोन इंच उचलली की साधारण १. फार फरक नाही, असे तुम्ही म्हणाल, आणि रिकाम्या गाडीपुरते ते खरे आहे. आता हौद्यात प्रत्येकी ६० किलोंची वीस माणसे उभी करा. उभ्या माणसाचा मध्य जमिनीपासून पावणेदोन मीटरवर जातो, आणि उत्तर येते ०.६६. त्यावर दोन इंचांची लिफ्ट घातली तर ०.६३.

मालवाहू गाडीत माणसे भरू नयेत हे सर्वांना ठाऊक आहे. तरी खुरपणीला बायका जातात त्या पिकअपमध्येच, वऱ्हाड जाते, जत्रेला अख्खी आळी जाते, आणि उभ्यानेच जाते. तुमची गाडी हौसेची असली तरी गावात अडीअडचणीला कोण तिच्यात चढणार हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी उंचीचा विचार रिकाम्या गाडीवर करत नाही. ती जास्तीत जास्त भरून कुठल्या वळणावर जाणार, त्यावर करतो.

कायद्याचा भाग थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघात झाल्यावर विमा कंपनी बदललेल्या सस्पेन्शनकडे बोट दाखवू शकते, ते वेगळेच. म्हणून काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या, आणि मिळालेले उत्तर लेखी ठेवा. थकलेले पाटे बदलून त्याच मापाचे घालणे ही दुरुस्ती आहे, तिला ही भानगड नाही.

एवढे सगळे करून गाडी उंच केलीतच, तर गॅरेजमधून निघण्याआधी व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर आतल्या बाजूने खाऊन जातील. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकचे रबरी पाइप ताणले जात नाहीत ना, ते स्वतः वाकून बघा. हेडलाइट खाली करा, गाडी वर गेली की त्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आणि चारपाचशे किलोमीटर चालल्यावर परत जाऊन यू-बोल्ट आवळून घ्या. नवे पाटे एकमेकांवर बसतात, बोल्ट सैल पडतात. परतीची ही एक फेरी बहुतेक जण टाळतात, कारण गाडी छान चाललेली असते.