तक्रार क्रमांकाच्या पुढे



तरुणांच्या हातातल्या मोबाइलला अध्यक्षाने चार शब्द सुनावावेत, ही आपल्या संमेलनांची रीत. आज ती मोडतो. जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ निघालं, तेव्हा त्याचे संपादक माधवराव सप्रे अठ्ठावीस वर्षांचे होते. छापील मासिक हे या मुलखाला तेव्हा नवंच साधन होतं. त्यांनी ते लोकांना विचार करायला लावण्यासाठी वापरलं. आपल्या मुलांच्या हातातलं साधन मात्र भिलाई नगर निगमाच्या बाबतीत तक्रार नोंदवण्यापुरतंच उरलं आहे.

तक्रारीची सोय वाईट नाही. ‘निदान 1100’ या तक्रार क्रमांकावर तुंबलेली नाली कळवता आली, 2022 मध्ये ‘मितान’ योजना आली आणि 14545 लावला की दाखला घरपोच येऊ लागला. रांगेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माझ्या पिढीला याचं अप्रूप आहेच. पण नाली उपसली की तक्रार बंद. ती दर पावसाळ्यात का तुंबते, तिच्यासाठी यंदा किती रक्कम ठेवली, तिच्याऐवजी चौकाचं सुशोभीकरण कुणी निवडलं, हे विचारायला तक्रारीच्या अ‍ॅपमध्ये रकाना नसतो.

भिलाईत गुंता आणखी आहे. टाउनशिपच्या सेक्टरमधला मुलगा मत देतो निगमाच्या पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, आणि त्याच्या गल्लीतला दिवा असतो पोलाद कारखान्याच्या नगर सेवा विभागाचा. पहिली झोतभट्टी 1959 ची, निगम 1998 चं. मधली चार दशकं टाउनशिप कारखान्यानेच सांभाळली, आणि चांगली सांभाळली. त्यामुळे पाणी, रस्ता, दिवा हे ‘वरून’ येतं, ही सवय आपल्या हाडीमांसी मुरली. खुर्सीपार, सुपेला, कॅम्पातल्या वस्त्यांच्या वाट्याला ते सुख आलं नाही. टँकरमागे धावताना तिथल्या पोरांना पार्षदाचं नावच काय, घरही पाठ झालं. शहराच्या कारभाराची जाण आपल्या सेक्टरांपेक्षा तिथे अधिक आहे, असं माझं मत आहे. कुणाला लागलं तर लागू द्या.

कायद्याचं दार उघडंच आहे. आमदारकीला पंचवीस वर्षं लागतात, पार्षदाला एकवीस पुरतात. 2016 मध्ये देवेंद्र यादव पंचविशीत इथे महापौर झाले. पण एक तरुण खुर्चीत बसल्याने बाकीचे सभागृहात पोचत नाहीत. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. 2011 च्या जनगणनेत आपण सव्वासहा लाखांवर होतो. अशा प्रत्येक समितीचं इतिवृत्त आणि वॉर्डाचा खर्च मोबाइलवर वाचता यायला हवा.

अशी वाट दुसरीकडे सापडते: पुण्यात 2006-07 पासून नागरिक आपल्या प्रभागातली छोटी कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवतात. सूचना बहुधा पदपथ आणि बाकड्यांपाशीच घुटमळतात, हे कबूल. तरी अंदाजपत्रक उघडून बघायची सवय लागते.

आपल्या मराठी मंडळांत कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते आणि हिशेबनीस भरपूर आहेत. कुटेलाभाठ्याला आयआयटी आहे. निगमाचं अंदाजपत्रक मांडलं जाण्याआधीचे दोन रविवार हे ज्येष्ठ आणि आयआयटीतली मुलं यांनी एकत्र बसावं. ज्येष्ठांनी लेखाशीर्षं उलगडून सांगावीत, मुलांनी ती वॉर्डनिहाय नकाशावर चढवावीत आणि तो नकाशा सुपेल्याच्या आणि कॅम्पातल्या मुलांना आधी दाखवावा. चुका तेच काढतील. सभागृहाची जागा मंडळाने द्यावी, चहाचा खर्च माझ्याकडे.